रुसेल तो साहेब

पुण्याहून परीक्षा येणार असं कळलं तेव्हा डिंपलच्या डोक्यात तिडीक गेली. दोन हंगाम ती सोनाळ्याच्या गोदामात हंगामी म्हणून राबत होती. सोयाबीनच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या, हमालांची भांडणं मिटवायची, शेतकऱ्याला पावती द्यायची आणि पावती हरवली म्हणून तोच शेतकरी परत आला, की त्याला चार शब्द सुनावून दुसरी द्यायची. काम सगळं व्यवस्थापकाचं, पगार पोरीसोरीचा. आता कंपनीनं व्यवस्थापकाची एक पक्की जागा काढली होती. जागा परीक्षेतून भरू, म्हणाले, आणि हंगामी लोकांना महिनाअखेरीस सुट्टी. म्हणजे ज्या खुर्चीत ती रोज बसत होती, त्याच खुर्चीसाठी तिनं रांगेत उभं राहायचं, आणि नाही जमलं तर घरी जाऊन मायची बोलणी खायची.

माय, म्हणजे सत्यभामाबाई, बोलणी आधीच शिजवून ठेवत होती.

"परीक्षेत तोंड बंद ठेवजो," तिनं सकाळी भाकर थापता थापता सांगितलं. "तुया तोंडापायी अर्धा तालुका आपल्या घरी याचा बंद झाला."

"अर्धा उरला ना? पुरे झाला," डिंपल म्हणाली आणि ओढणी बांधून गोदामाकडं निघाली.

फाटकापाशीच शालूबाईनं तिला गाठलं. शालूबाई म्हणजे डिंपलच्या गल्लीतली, गावात वजन असलेली बाई. पण आज हातात डबा आणि तोंडावर अजिजी. "डिंपल, तुले हात जोडते बाई. आमचा जवाई बसून राह्यला आज परीक्षेले."

"राजकुमार? त्याले कायले पायजे नोकरी? तो तं तुमच्या छकुलीले न्याले आला ना?"

"न्यालेच आला. बसल्या बसल्या कटाया आला, तं मोबाइलवर फारम भरला. आता काय करू. सहा महिने पोरगी माया घरी हाय. आत्ताशी कुठं त्याचा रुसवा निघाला. उद्या घेऊन जातो म्हणते. आजच्या दिवस त्याले कोनी नाई म्हणू नका. तू तं बिलकुलच नको. तुयं तोंड मले ठाऊक हाय."

आता सोनाळ्यात जवाई एका घरचा नसतो, गावाचा असतो. रस्त्यानं निघाला तर पारावरचे म्हातारेसुद्धा सरकून जागा देतात. त्याचं म्हणणं खोडायचं नाही, त्याला काम सांगायचं नाही, आणि तो रुसला तर ज्याच्या समोर रुसला त्यानं समजूत काढायची. त्यातून राजकुमार मेहकरचा. दोन वर्षांत तो चारदा रुसला होता. एकदा मोटरसायकलीपायी, एकदा आमरसात वेलदोडा नव्हता म्हणून, आणि दोनदा कशापायी ते अजून कोणाला कळलं नव्हतं.

"बरं," डिंपल म्हणाली. "पण उद्या खरंच नेलं पायजे त्यानं."

तो एक 'बरं' तिला फार महागात पडला.

पुण्याच्या वंदना मॅडम गाडीतून उतरल्या, तुरीच्या पोत्यांचा वास घेतला आणि "किती छान, अगदी मातीशी जोडलेलं," असं म्हणून सटासट शिंकल्या. परीक्षेला चौघंच होते. डिंपल. किराणा दुकानात बापाच्या शिव्या खाणारा प्रेम. पोलीस भरतीत दोनदा धावून, दोनदा लेखीत आपटलेला सागर. आणि जवाईबापू, इस्त्रीच्या शर्टात, गॉगल डोक्यावर.

पहिला पेपर टॅब नावाच्या, मोबाइलसारख्या पाट्यांवर होता. तुम्हाला कधीकधी राग येतो का? पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत. पुढच्या पानावर, तुम्ही शांत स्वभावाचे आहात का? त्याच्या पुढं, लहानसहान गोष्टींनी तुमचा संयम सुटतो का? तोच प्रश्न कपडे बदलून परत परत येत होता. चौथ्यांदा आला तेव्हा डिंपलला खरंच राग आला, आणि तिनं 'पूर्ण सहमत' एवढ्या जोरात दाबलं की पाटी बंद पडली.

"बिघडवली काय बे?" प्रेम कुजबुजला.

"तिनं मले बिघडवलं."

शेवटचा प्रश्न होता, तुम्ही पक्षी असता तर कोणता? डिंपलनं लिहिलं टिटवी. कारण कोणी वावरात घुसलं की ती गप बसत नाही. सागरनं घार लिहिली. प्रेमनं बराच विचार करून कोंबडी लिहिली, कारण शेवटी सगळ्यांच्या कामी येते. राजकुमारनं मोर लिहिला आणि सगळ्यांना दिसेल अशी पाटी धरली.

मग मॅडमनी गटचर्चा लावली. टेबलाभोवती चार खुर्च्या. तीन हातांच्या होत्या, एक बिनहाताची, हमाल पानतंबाखू खायला बसायचे ती. राजकुमार बाहेर केसावरून कंगवा फिरवून शेवटी आला, तर वाट्याला नेमकी बिनहाताची उरलेली. तो तिच्याकडं बघत उभा राहिला. प्रेम ताडकन उठला. "जवाईबापू, इकडं बसा."

"राहू द्या," राजकुमार म्हणाला. "आमाले चालते." आणि बिनहाताच्या खुर्चीवर, भिंतीकडं तोंड करून बसला.

झालं. खिडकीबाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या शालूबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅडमला यातलं काय कळणार. त्यांनी विषय सांगितला. "तुमचं जहाज बुडालंय. तुम्ही निर्जन बेटावर अडकलाय. दहा वस्तू वाचल्यात. महत्त्वानुसार क्रम लावा, आणि सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे. मी फक्त निरीक्षण करणार."

वस्तूंची चित्रं टेबलावर होती. दोर, काडीपेटी, पाण्याचा कॅन, सुरी, ताडपत्री, साखर, आरसा आणि असंच.

सागर म्हणाला, "पानी पयले घेऊ. काय जवाईबापू?"

"घ्या तुमच्या मनानं," भिंतीकडून आवाज आला.

"नाई नाई, तुमी सांगा तसं."

"आमाले कोन इचारते."

प्रेम खुर्चीसकट त्याच्याकडं सरकला. "असं काऊन म्हणता? तुमच्याशिवाय कसं चालंन? चहा घेता काय? साखर हाय बेटावर."

"नको."

"घ्या ना. अर्धा."

"आमी नाई घेत दुसऱ्याच्या घरी."

अशी वीस मिनिटं गेली. सागर त्याच्या डाव्या बाजूला, प्रेम उजव्या बाजूला, दोघंही वाकलेले. बेट बाजूलाच राहिलं, पाण्यात बुडालं, कोणाला पर्वा नव्हती. डिंपलच्या जिभेवर मुंग्या चढल्या. पाणी, ताडपत्री, काडीपेटी, सुरी. तिला सगळा क्रम ठाऊक होता. तिनं तोंड उघडलं. खिडकीतून शालूबाईनं दोन्ही हात जोडले. डिंपलनं तोंड मिटलं.

शेवटी राजकुमार मान न वळवता बोलला. "आरसा."

"काय?"

"आरसा घ्या पयले."

आरसा कशाला, तर सकाळपासून त्याचा भांग नीट बसत नव्हता. पण सागर म्हणाला, "वा," आणि प्रेम म्हणाला, "आमच्या डोक्यात नाई आलं," आणि दोघांनी डिंपलकडं पाहिलं. सगळ्यांचं एकमत पाहिजे होतं. तिनं शालूबाईकडं पाहिलं, मग आरशाकडं, मग राजकुमारच्या मानेवरच्या पावडरीकडं.

"ठीक हाय," ती म्हणाली. दाताखाली खडा आल्यासारखं.

मॅडम कागदावर भराभर लिहीत होत्या. त्यांच्या उत्तरपत्रिकेत आरसाच पहिला होता. दुरून जाणाऱ्या जहाजाला उन्हात चमकवून दाखवायला.

निकाल पाहूनच नेतो म्हणून राजकुमार सासुरवाडीतच थांबला. आठवड्यानं निकाल आला. राजकुमार व्यवस्थापक. बाकीच्यांना मोबाइलवर अभिप्राय. रंगीत गोल, त्यात रंगीत फाका, खाली मजकूर.

पारावर तिघं आपापला अभिप्राय वाचत बसली.

"ऐक बे," प्रेम म्हणाला. "'आपण एका सुंदर वाहनासारखे आहात, परंतु चालक विश्रांती घेत आहे.' माया बाप हेच म्हणते. फक्त गोल काढून नाई दाखवत."

सागरनं आपला वाचला. वाहन तेच. चालकही तोच.

"दोघं एकाच गाडीत बसले," डिंपल म्हणाली.

"तुयं काय आलं?"

तिनं वाचलं नाही, फोन त्यांच्या नाकापुढं धरला. 'निर्णयक्षमता कमी. दुसऱ्याच्या मतापुढे त्वरित माघार. संघर्ष टाळण्याची वृत्ती. टिटवीची निवड आंतरिक असुरक्षितता दर्शवते. स्वतःचे मत मांडण्याचा सराव करावा.'

प्रेम पाराखाली पडला. हसून हसून नाही, सागरनं ढकलल्यामुळं, पण हसणं दोघांचंही थांबेना. "संघर्ष टाळते म्हणे. डिंपल. गेल्या हंगामात हिनं ट्रॅक्टरवाल्याच्या चाकाची हवा सोडली होती."

"लायन तोडली होती त्यानं."

"आणि कोंबडीबद्दल काय लिहिलं माहीत हाय? सेवाभाव."

"राजकुमारचं?" डिंपलनं विचारलं. तिला ठाऊक होतं. शालूबाईनं गल्लीभर वाचून दाखवलं होतं. 'शांत, संयमी नेतृत्व. कमी बोलतात, परंतु संपूर्ण गट त्यांच्याभोवती एकवटतो. खुर्चीचा मोह नाही.'

अभिप्रायावर काही विचारायचं असेल तर मॅडम दहा मिनिटं व्हिडिओवर भेटणार होत्या. प्रेम आणि सागरनं नको म्हटलं. डिंपलनं वेळ घेतला आणि काट्याच्या खोलीत फोन पोत्याला टेकवून बसली.

"नमस्कार डिंपल. सगळ्यात आधी, अभिप्राय ही एक भेट असते, हे लक्षात घ्या."

"आमच्याकडं भेट घेऊन गप नाई बसत, मॅडम. आहेर आला का आहेर करा लागते. मी तुमचा आहेर परत कराले बसली."

"छान. बोला."

"तो मानूस आमच्या गावचा जवाई हाय. त्याले बिनहाताची खुर्ची आली म्हनून तो रुसला होता. पोरं नेतृत्वापायी जमली नव्हती, त्याची समजूत काढत होती. त्यानं आरसा मांगला तो भांग पाडाले. आणि मी गप बसली, कारण त्याच्या सासूनं हात जोडले होते. तुमी वीस मिनिटं समोर बसून राह्यल्या आणि एका रुसलेल्या जवायाले साहेब करून गेल्या. दोन हंगाम मी हे गोदाम सांभाळलं, ते कोनाले इचारलं तुमी? काट्याले इचारा, हमालाले इचारा, पक्षी काऊन इचारता?"

मॅडमचे डोळे मोठे झाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत गेला.

"डिंपल, तुम्हाला जाणवतंय का, तुम्ही आत्ता संघर्ष टाळला नाहीत?"

डिंपल फोनच्या आणखी जवळ सरकली.

"आठवड्यात एवढी सुधारणा. मी तर म्हणेन, अभिप्रायाचा इतका सुंदर परिणाम मी क्वचित पाहिलाय. हे मी आमच्या अहवालात घालणार आहे. निकाल अर्थातच तोच राहील."

डिंपलनं फोन बंद केला नाही. उचलून तुरीच्या पोत्यात खुपसला. पोत्यातून मॅडमचा आवाज बराच वेळ येत होता.

राजकुमार सोमवारी रुजू झाला. सूटकेस आणायची गरजच नव्हती, सासुरवाडी गल्लीतच. आता गोदामात हमाल कोण, तर सोनाळ्याचेच. त्यांनी साहेबाला हातांची खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडं वळवला, चहा दिला. गाडी आली. गाडीवाल्यानं पावतीवर सही मागितली. हमालांचा मुकादम त्याला बाजूला घेऊन गेला.

"जवायाले काम सांगून राह्यला का? लाज नाई वाटत?"

"मंग सही कोन करंन?"

"कोनीच नाई. ते घरी गेले का पाहू."

दुसरी गाडी आली, तिसरी आली. दुपारी रांग टुनकी रस्त्यापर्यंत गेली. राजकुमारला रांग दिसत होती. पण स्वतः उठून सही करायची म्हणजे सासुरवाडीत कामाला हात लावायचा. ती नाचक्की कोण घेणार. तो आणखी जरा सरळ बसला आणि कमी बोलणारं नेतृत्व करत राहिला. महिना संपून सुट्टी मिळालेली डिंपल फाटकाबाहेर उभी राहून हे सगळं बघत होती. गाडीवाले तिला हाक मारत होते. "ताई, या ना आत."

"मले निर्णय घेता नाई येत," ती म्हणाली. "लेखी हाय माझ्याकडं."

बुधवारी मेहकरहून राजकुमारचा बाप आला. कारभारी नाव. मिशा अशा, की आधी मिशा एसटीतून उतरल्या, मागून तो. गोदामात शिरला, पोराला खुर्चीत बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"एकुलता एक पोरगा. तो घरजवाई करून ठेवला या गावानं."

"बाबा, घरजवाई नाई, मॅनेजर," राजकुमार म्हणाला.

"झोपतं कुठी?"

"सासुरवाडीत."

"खातं कुठी?"

राजकुमारनं डोक्यावरचा गॉगल नीट केला.

"अन् कमवतंही इथंच. मंग घरजवाई कायले म्हणतात, सांग. मेहकरात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली मले. सोयरे इचारतात, पोरगं विकलं का म्हणून."

तासाभरात राजकुमार, सूटकेस, छकुली आणि छकुलीच्या चार पिशव्या मेहकरच्या एसटीत होत्या. शालूबाई पदर डोळ्याला लावून रडली आणि पदराआडून हसली. पोरगी एकदाची नांदायला गेली. तीच संध्याकाळी डिंपलच्या ओसरीवर येऊन बसली.

"मायापायी तुयी नोकरी गेली," ती म्हणाली. "मले झोप नाई येऊन राह्यली."

"मंग जागा. मले कायले सांगता."

"जागा खाली झाली म्हणतात. परत परीक्षा हाय."

"हो. तीच मॅडम, तेच बेट. सागर अन् प्रेमही परत बसतात. मले सांगतात, मागच्या खेपेपेक्षा जास्त बोलजो. बोलली तं लिहितीन आक्रमक. गप बसली तं लिहितीन घाबरट. मी काय करू, काकू, माझ्यात जवाई नाई."

शालूबाई मांडीवर थाप मारून उठली. "कोन म्हणते नाई?"

परीक्षेच्या दिवशी शालूबाई पहाटेच प्रेमच्या आणि सागरच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते माहीत नाही. पण प्रेमच्या दुकानातली तिची जुनी उधारी त्या पहाटे फिटली, आणि सागरच्या बहिणीचं स्थळ शालूबाईच्याच भावाकडं निघालं होतं. दोघांनाही एवढंच सांगितलं होतं, "आज डिंपल जवाई हाय. समजून घ्या."

डिंपल मुद्दाम शेवटी आत गेली. खोलीत बिनहाताची खुर्ची वाट बघत होती. तिनं खुर्चीकडं पाहिलं, सुस्कारा सोडला, आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

लेकीचा रुसवा गावात कोणी काढत नाही. लेक रुसली तर म्हणतात, भूक लागली का येईन. पण आज खिडकीत शालूबाई उभी होती, आणि तिची नजर प्रेमच्या मानेवर होती.

"डिंपलताई, इकडं बसा, हाताची खुर्ची," प्रेम म्हणाला.

"राहू द्या."

"असं काऊन? आमचं काही चुकलं काय?"

"आमाले कोन इचारते."

मॅडमनी पेन उचललं.

पुढची वीस मिनिटं डिंपलच्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा होती, कारण प्रेमला मजा यायला लागली. समजूत काढता काढता त्यानं डिंपलच्या आजवरच्या सगळ्या बोलण्यांची वसुली केली. "ताई, आमी साखर पयले घेऊन राह्यलो. चालंन ना?" "ताई, पानी सोडून देऊ. जड होते." "ताई, तुमच्यासारख्या शांत स्वभावाच्या मानसानं राग धरू नये." सागरनं तोंडात रुमाल कोंबला होता. डिंपलनं भिंतीवरच्या पालीकडं नजर लावली. तिच्या मनात प्रेमच्या सात पिढ्यांचा हिशेब चालू होता आणि चौथ्या पिढीपर्यंत आला होता. घाम कानामागून खाली उतरला.

"ताई, काहीतरी बोला ना. गट तुमच्यावर हाय."

डिंपलनं मान न वळवता एकच शब्द सांडला. "आरसा."

"वा," सागर रुमालातून म्हणाला.

दोन दिवसांत पत्र आलं. पक्की नोकरी, सोनाळा गोदाम. सोबत रंगीत गोल. 'शांत, संयमी नेतृत्व. कमी बोलतात, परंतु संपूर्ण गट त्यांच्याभोवती एकवटतो. खुर्चीचा मोह नाही.' राजकुमारचाच मजकूर, वरचं नाव बदललेला. माय सत्यभामाबाईनं तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "हे दुसऱ्याच्या पोरीचं आलं."

रुजू व्हायच्या दिवशी वंदना मॅडम स्वतः आल्या. डिंपल हातांच्या खुर्चीत बसली होती, टेबलावर पावत्या. मॅडम म्हणाल्या, "आम्हालाही अभिप्राय आवडतो. आमच्या चाचणीबद्दल तुमचं मत अगदी मोकळेपणानं सांगा."

डिंपलनं तोंड उघडलं. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या शालूबाईनं डोळे वटारले आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, कागद पक्का होईस्तोर जवाईच राहा.

डिंपलनं तोंड मिटलं आणि भिंतीकडं पाहिलं.

"किती समतोल," मॅडम म्हणाल्या, सही केली, शिंकल्या, आणि गाडीत बसल्या.

गाडी फाटकातून बाहेर पडली, टुनकीच्या वळणावर दिसेनाशी झाली. डिंपल उठली, काट्याच्या खोलीचं दार उघडलं आणि दोन परीक्षांचं साठलेलं मत सगळं एका दमात, मोकळेपणानं सांगितलं. पोत्यावर बसलेले हमाल उठून उभे राहिले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. प्रेम तिथं किराण्याचा हिशेब द्यायला आला होता, तो ऐकताच मागच्या मागं वळला. त्याच्या चौथ्या पिढीपासून पुढचं त्याला पाठीवरच ऐकू आलं.

सगळं झाल्यावर ती खुर्चीत बसली, पेन घेतलं.

"कोनाची गाडी हाय पयली?" ती म्हणाली. "या. अन् लायन तोडान तं हवा सोडीन."